मंगळवारची सुई

मेडशी, १० ऑगस्ट १९३८

सोने,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, तेव्हा तो राहू दे.

तू महिनाभर म्हणाली होतीस. आई आजारी आहे, माझ्या जागी पाटलांच्या घरी महिनाभर राहा, म्हातारी स्वभावानं बरी आहे, दोन वेळा सुई द्यायची, पाय पाहायचे, झालं. मी भोळी, ट्रंक उचलून आले. परवा बाजारात आपल्या तांड्यावरची कमलीबाई भेटली. तिच्याकडून कळलं की तुझी आई ठणठणीत आहे आणि तू यवतमाळला गोविंदसिंग कंपाउंडरशी लग्न लावून बसली आहेस. लग्न केलंस ते चांगलं झालं. बोलावलं असतंस तर निदान जेवायला आले असते.

इथलं काम तू लावून दिलंस तसंच चाललं आहे. म्हातारीला, सगळ्यांच्या मोठीमायला, पहाटे उठवते, काचेच्या नळीत तिची लघवी निळ्या औषधात मिसळून दिव्यावर उकळते. निळं राहिलं तर देव पावला, विटेसारखं लाल झालं तर आदल्या दिवशी सुनेच्या नकळत काहीतरी गोड तोंडात गेलं. मग सुई. मग पाय, बोटांच्या बेचक्यांसकट. इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या बुडाशी. तुझी शिस्त चांगली होती, ते नाकारत नाही. फक्त स्वयंपाकघरात आणि देवघरात मला पाऊल टाकायची मनाई आहे, हे तू सांगितलं नव्हतंस. मधुमेहाच्या बाईची काळजी घ्यायची आणि तिच्या ताटात काय पडतं ते ओसरीवरून ओळखायचं. डोळे बांधून सुईत दोरा ओवण्यातला प्रकार.

पण हेही मी सोसलं असतं. माझं विचारणं मंगळवाराबद्दल आहे.

श्रावण लागल्यापासून मोठीमाय मंगळवार धरते. भगर नाही, शेंगदाणा नाही, दिवसभर काहीच नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. मी नेहमीसारखी सकाळी सुई दिली. दुपारी अंगणात माणसं जमली, डफ वाजू लागला, आणि मोठीमाय केस मोकळे सोडून घुमायला लागली. कपाळावरून घामाच्या धारा, हात लटलट, डोळे भलतीकडे, बोलणं तोतरं. लोक पाया पडतात, प्रश्न विचारतात. खुद्द उकंडराव पाटील, एरवी जे आईशी चार शब्द बोलत नाहीत, ते मांडी घालून समोर बसलेले. आणि मी खांबाला धरून उभी. दवाखान्यात आपण दोघींनी पाहिलेला तो केळीवाला तुला आठवतो का, सुई घेऊन जेवायचा राहिला होता तो? अगदी तसं. देवी नव्हती ती, सोने. साखर उतरली होती.

मी धावले तर दोघा गड्यांनी अडवलं. परजातीच्या बाईनं अंगात आलेल्या बाईला शिवायचं नसतं म्हणे. शेवटी सून, रुख्मावहिनी, तांब्या घेऊन पुढं झाली आणि मोठीमायच्या तोंडात काहीतरी ओतलं. थोड्या वेळानं म्हातारी डोळे पुसत उठली आणि देवी गेली.

गेल्या श्रावणात तू इथं होतीस. तू पाहिलं असणारच. यंदा श्रावण लागायच्या आत निघालीस, ते का, हे आता मला कळलं.

दिवाळीनंतर मला अमरावतीला सुईणीच्या अभ्यासाला हजर व्हायचं आहे. जागा एकदाच मिळते, मेट्रनबाईंनी दोनदा बजावलं आहे. हे तुला माहीत होतं. लवकर ये, मला सोडव.

गोमती


मेडशी, २४ ऑगस्ट १९३८

सोने,

उत्तर नाही. नवीन संसारात पेन हरवलं असेल.

मी मोठीमायशीच बोलले. पाय पुसत होते, खाली मान होती, म्हणून धीर झाला. म्हटलं, "मोठीमाय, मंगळवारी अंगात येतं ते देवीमुळं नाही. सुई घेता आणि जेवत नाही, म्हणून होतं ते. एखादे दिवशी डोळे उघडणार नाहीत."

तिनं पाय मागं ओढला. मग म्हणाली, "देवी कोन्या वाटेनं येते हे तुले काय मालूम? सुईच्या वाटेनं आली तर ते तिची मर्जी."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मले येडी समजून राह्यली काय? बुधवारी भाकर खाऊन सुई घेतो तं काही येत नाई. मंगळवारी उपाशी घेतो तं येते. इतकं तं ढोरालेही समजते."

मी हात जोडले की उपवास तरी सोडा. त्यावर हसली. म्हणाली, "नवरी होऊन आली तवापासून या घरात बोलून राह्यली मी. सासऱ्यानं आयकलं नाई, नवऱ्यानं आयकलं नाई, लेकानं नाई. आता मंगळवारी लेक पायाशी बसते. तू म्हनतं ते सोड?"

मी अकोल्याच्या डॉक्टरांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की उपवास बंद करा, करतच असतील तर त्या दिवशी निम्मीच सुई द्या. ठीक आहे. मंगळवारी निम्मी भरली, तर म्हातारीनं सुईची नळी माझ्या हातातून घेऊन उजेडात धरली. खुणा मोजल्या. बाराखडी येत नाही तिला, पण खुणा येतात. "आजच हात काहून आखडला?" म्हणाली, आणि मला पुरती भरायला लावली. न देते तर पाटलांना हाक मारली असती, आणि पाटलांना मी काय सांगणार होते? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बुधवारी मी ट्रंक घेऊन सर्विस मोटरीत जाऊन बसले. हो, निघालेच होते, तुझ्यासारखी. दौलतसिंग ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं आणि विचारलं, "बाई, पाटलाले इचारलं काय?" मी ट्रंक जवळ ओढली. त्यानं खाली उतरून माझी ट्रंक काढली, स्वतः उचलून पाटलांच्या फाटकापर्यंत आणून ठेवली, वर म्हणाला, "मोठीमायले कोन सुई देईन? तुमीच सांगा." मोटरीतले सगळे माझ्याकडे असे पाहत होते की जणू मी पाळण्यातलं पोर टाकून चालले आहे. संध्याकाळची सुई मीच दिली.

ये गं. रागावणार नाही.

गोमती


मेडशी, १४ सप्टेंबर १९३८

सोने,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. "गुळाचं पाणी चालू ठेव, बाकी काही विचारू नको." एवढ्यासाठी तिकीट लावलंस.

पण त्या एका ओळीनं माझा निम्मा राग उतरला, हे खरं. मी रुख्मावहिनीला धुणं वाळत घालताना गाठलं आणि विचारलं, तांब्यात गुळाचं पाणी घालायला कुणी शिकवलं? ती इकडंतिकडं पाहून म्हणाली, "सोनीबाईनं. म्हने, देवीले गुयाचं पानी भावते, ते पेल्याबिगर ते जाऊ नाई शकत. घरात कोनाले सांगू नका म्हने." म्हणजे तू नुसती पळाली नाहीस. स्वतःला शिवता येत नव्हतं, तर शिवता येणारीच्या हातात तांब्या देऊन गेलीस. मला हे सुचलं नसतं.

मग तिनं बाकीचंही सांगितलं. तू मला का सांगितलं नाहीस ते आता समजतं, सांगणं म्हणजे अडकवणंच होतं. तरी मी अडकले ती अडकलेच.

रुख्मावहिनीची कूस उजवली नाही. गेल्या वर्षी उकंडरावांनी रिसोडच्या रामकिसन देशमुखांची मुलगी दुसरेपणावर पक्की केली होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. मोठीमाय नको नको म्हणाली, तर लेक म्हणाला, तुले काय समजते. आणि त्या श्रावणात पहिल्यांदा मंगळवारी अंगात आलं. पहिल्यांदा ते आपोआपच आलं असणार, साखर उतरूनच. पण देवी काय बोलली, तर या घरात दुसरी हळद नको. उकंडरावांचा चेहरा पांढरा पडला. रिसोडला निरोप गेला की थांबा. ते अजून थांबलेले आहेत.

"मले माहेर नाई, गोमतीबाई," वहिनी म्हणाली. "सवत आली तं मी गोठ्यात. मोठीमाय हाये तोवर मी चुलीपाशी."

मला वाटलं होतं की म्हातारीला पाटलाला पायाशी बसवायची हौस आहे. असेलही. माणूस एका कारणानं थोडंच काही करतं. पण आता सांग, मी कुणाकडं जाऊन खरं बोलू? खरं बोलले तर वहिनी गोठ्यात. नाही बोलले तर म्हातारी जाणार, आणि जाणार ती माझ्या हातच्या सुईनं. परवाच्या मंगळवारी गुळाचं पाणी पोटात जाऊनही ती बराच वेळ शुद्धीवर आली नाही. दात बसले होते. वहिनी बोटानं ओठांच्या आत गूळ चोळत राहिली आणि मी ओसरीवरून तिला खुणेनं सांगत राहिले. नंतर मोठीमायला काही आठवत नव्हतं. मला म्हणाली, "आज बरं बोलली काय मी?"

पुढं नवरात्र आहे. मला झोप लागत नाही.

गोमती


मेडशी, २६ सप्टेंबर १९३८

सोने,

घट बसले. मोठीमायनं नऊ दिवस धरायचे ठरवलं होतं, मी आणि वहिनीनं मिळून एक वेळची भगर कबूल करून घेतली, ती सकाळच्या सुईआधीची. अष्टमीला मात्र निरंकार. आणि अष्टमीलाच रिसोडचे देशमुख येणार आहेत.

पाटलांनी ठरवलं आहे की देवीला भर माणसांत पुन्हा एकदा विचारायचं, वर्ष झालं, मन बदललं असेल. वरल्या आळीतल्या जगदेवबुवांनी त्यांच्या डोक्यात भरवलं आहे की गुळाचं पाणी पाजलं की देवी घाईनं निघून जाते, म्हणून प्रश्नाचं नीट उत्तर मिळत नाही. तर अष्टमीला कुणी तांब्या पुढं करायचा नाही. देवी आपल्या मर्जीनं जाईल तेव्हा जाईल.

सोने, तुला कळतंय ना. ती जाणारच नाही. म्हातारी जाईल.

मी पाटलांकडं गेले. बैठकीत सुपारी कातरत होते. म्हटलं, "पाटील, अष्टमीला मोठीमायची सुई बंद ठेवते."

"काहून?"

"उपवास आहे. उपाशीपोटी सुई बाधते."

"सालभर बाधली नाई. आताच काहून बाधून राह्यली?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि नीट माझ्याकडं पाहिलं. "बाधते म्हंजे काय होते? सांग पुरतं."

दारामागं वहिनीच्या बांगड्या वाजल्या. मी पुरतं सांगितलं असतं तर त्याच क्षणी त्यांना कळलं असतं की देवी कुठून येते. आणि मग रिसोडची सुपारी फुटायला उद्याची सकाळही लागली नसती. मी म्हणाले, "काही नाही. थोडी चक्कर येते."

"मंग देत जाय जशी देऊन राह्यली तशी. अन् सुई चुकवली तं डागदरले मी कळवीन, तुही नौकरी जाईन. सरकारी दवाखान्यात मंग कोन घेईन तुले?"

आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. मोठीमायला विनवलं, तर ती भिंतीकडं तोंड करून पडली. एवढंच म्हणाली, "एक डाव बोलू दे मले त्या रिसोडवाल्याच्या तोंडावर. मंग मेली तं मेली." तिला मरणाचं काही नाही. मला आहे.

खुणा मोजते ती. नळीत किती आहे ते तिला दिसतं. काय आहे ते दिसत नाही. हेच डोक्यात फिरतंय.

गोमती


मेडशी, ४ ऑक्टोबर १९३८

सोने,

मोठीमाय जिवंत आहे. ते आधी सांगते.

अष्टमीला सकाळी मी पाणी उकळून निववलं आणि सुई त्यानं भरली. बरोबर खुणेपर्यंत. म्हातारीनं नळी उजेडात धरली, खूण पाहिली, दंड पुढं केला. एक दिवस औषध चुकल्यानं ती मरणार नव्हती, हे मी मनाशी शंभरदा ताडून पाहिलं होतं. बाकीचं नव्हतं पाहिलं. देवी आली नाही तर काय होईल, हे मी पाहिलंच नव्हतं.

दुपारी अंगण भरलं. रिसोडचे देशमुख सतरंजीवर, जरीचा फेटा, शेजारी त्यांचे भाऊबंद. डफ सुरू झाला. मोठीमाय पाटावर, केस मोकळे, डोळे मिटलेले. आम्ही सगळे वाट पाहतोय. डफवाल्याचा हात दुखायला लागला, त्यानं हात बदलला. काही नाही. लोक एकमेकांकडं पाहायला लागले. उकंडराव पुढं वाकून म्हणाले, "माय?"

मोठीमायनं डोळे उघडले. आपला तळहात पाहिला, उलटा करून पाहिला. कोरडा होता. कपाळाला हात लावला. तेही कोरडं. मग तिनं मान वळवून ओसरीवर, थेट माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं. सोने, मी आयुष्यात कुणाच्या नजरेला एवढी भ्याले नाही.

आणि मग ती घुमायला लागली.

पहिल्यांदा थंडी भरल्यासारखी, जरा उसनी. मग लागली लय. कपाळावर घामाचा थेंब नव्हता, पण ते बघायला माझ्याशिवाय आणि वहिनीशिवाय कुणाला सुचलं नाही. आणि बोलली काय सांगू, एरवी तोतरं व्हायचं, अर्धं लोकांना कळायचंच नाही. अष्टमीला शब्द न् शब्द वेशीपर्यंत ऐकू गेला.

"रिसोडवाल्या, तुयी पोर घेऊन दुसरं दार पाह्य. या घरात दुसरी हयद लागली तं मी या घरातून उठून जाईन." देशमुखांनी फेटा काढून जमिनीला कपाळ टेकलं. "रुख्मिने, मले गुयाचं पानी पाज. कोन नाई म्हनते पाहू दे मले." जगदेवबुवा माणसांच्या मागं सरकले. वहिनीनं पाणी पाजलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. सुईवाचून देवी आली, म्हातारी वाचली, वहिनी वाचली, आता गोमती अमरावतीला.

तेवढ्यात तिनं बोट माझ्याकडं केलं.

"अन् ते सुईवाली. ते माह्या पायाशी राहीन. मी या अंगात येतो तोवर तिनं मेडशीची येस ओलांडली, तं गावावर मरी येईन."

अंगणातली सगळी माणसं वळून माझ्याकडं पाहू लागली. पाटील हात जोडून म्हणाले, "व्हय माय."

संध्याकाळी पाय पुसताना मी विचारलं, "मोठीमाय, मी तुमचा जीव वाचवला. माझ्याशी असं का केलंत?"

"म्हनूनच," ती म्हणाली. "तू पान्यानं भरली सुई. दुसरी कोनी असती तं पाटलाच्या भेवानं दवाईच भरली असती. आता तुले सोडतो अन् दुसरी आनतो, ते पानी भरीन काय?"

मी रडले. म्हटलं, पुढच्या मंगळवारी देवीला सांगा, तिनं मला सोडलं म्हणून. त्यावर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. या घरात मला कुणी पहिल्यांदाच असं शिवलं.

"देवीचा शब्द मांगं नाई घेता येत, पोरी. एक मांगं घेतला का सगयेच खोटे पडतात. मंग रुख्मीचं काय?"

याला उत्तर असेल तर कळव.

गोमती


मेडशी, ८ डिसेंबर १९३८

सोने,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. चार पानं. रडू आलं, पण तुला ते कळवायचं नव्हतं, तरी लिहिलं गेलं. मीही तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं, असं लिहिणार होते. पण खरं नाही ते. मोटरीतून मला उतरवलं म्हणून मी थांबले, नाहीतर पळालेच होते, आणि पळताना मी कुणाला तांब्या शिकवला नव्हता. तुझ्या-माझ्यात हिशेब मिटला.

अमरावतीची जागा गेली. मेट्रनबाईंचं कार्ड आलं, त्यात शेवटी "निराश झाले" असं लिहिलं आहे.

तू लिहितेस, यवतमाळला एक नुकतीच शिकून निघालेली पोर आहे, हुशार आहे, माझ्या जागी धाडू का. नको धाडूस. एक तर मला वेशीबाहेर कुणी जाऊ देणार नाही. नदीवर धुणं घेऊन गेले तरी कुणी ना कुणी वेस दाखवून म्हणतं, "बाई, इथूनच मांगं फिरा." लेकराबाळांचे लोक आहेत, मरीला भितात, मी त्यांना काय म्हणू. आणि समजा सोडलं, तरी त्या पोरीला मी काय सांगून बसवू? महिनाभर राहा, म्हातारी स्वभावानं बरी आहे?

वहिनीला सुई शिकवते आहे. केळ्यात टोचून सराव चालला आहे. हात हलका आहे तिचा. तिला सुई आली म्हणून मी सुटेन असं नाही, पण मला ताप आला तर म्हातारीचं अडायला नको.

मंगळवार आता बारा महिने झाला आहे, गावोगावचे लोक येतात. पण पहाटे, कुणी उठायच्या आत, मोठीमाय माझ्या खोलीत येऊन बसते आणि वहिनीनं पदराखाली आणलेली भाकरी माझ्यासमोर खाते. भाकरी पोटात गेली की मग सुई. खरीखुरी, पुरती. मग दुपारी ती भरल्या पोटानं देवी होते. घामासाठी मी तिला कपाळावर पाण्याचं बोट फिरवायला शिकवलं आहे. बघ, कुठवर आले मी.

तब्येत उत्तम आहे तिची. नळी महिनाभर निळी आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम झाली होती, तीही भरून आली, नवी कातडी धरली. तिला मी अनवाणी अंगणात उतरू देत नाही, देवी असली तरी. डॉक्टर परवा येऊन गेले, त्यांनी तिची नाडी पाहिली, पाय पाहिले आणि मला म्हणाले, "बाई, अशीच काळजी घेतलीत तर ह्या सहज दहा-पंधरा वर्षं काढतील." मोठीमाय माझ्याकडं बघून हसली. मीही हसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या वाक्याचा अर्थ माझ्या लक्षात आला.

सकाळी उठून पुन्हा तिचे पाय पाहिले. बोटांच्या बेचक्यांसकट.

गोविंदसिंगांना एक काम सांग. इथल्या सुया घासून घासून बोथट झाल्या आहेत. दोन-तीन नव्या, बारीकातल्या बारीक मिळतील त्या, धाडून दे. तिला दुखतं.

गोमती